टाके सुकण्याआधी

या सदरासाठी विषय निवडताना मी बहुधा वाचकांच्या पत्रांचा आधार घेतो. या खेपेस मात्र विषय घरातच घडला, आणि तो लिहावा की लिहू नये या विचारात पुष्कळ दिवस गेले. अखेर ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्या आमच्या धाकट्या सूनबाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, “मामंजी, अवश्य लिहा. माझे नाव मात्र घालू नका, आणि रुग्णालयाचेही नको.” या दोन्ही अटी पाळून ही हकीकत सांगतो. विषय नाजूक आहे. माजघरात तो कुजबुजीने बोलला जातो आणि ओसरीवर मुळीच बोलला जात नाही. परंतु आमच्या घरी जो घोटाळा झाला तो ओसरीने तोंड मिटून घेतले म्हणूनच झाला, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमचे बिऱ्हाड तुळजापूर तालुक्यात. सूनबाईंचे वय सव्वीस, पदरी चार वर्षांची मुलगी. वर्षभर त्यांचे पोट दुखत असे. जेवण झाले की तासाभराने पोटात गुरगुर व्हावी, कळ यावी, मधूनच उलटी व्हावी आणि मग दोन दिवस बरे वाटावे. घरातल्या प्रत्येकाने आपापले औषध सुचविले. हिने ओवा दिला, मी त्रिफळा दिली, थोरल्या सूनबाईंनी हिंगाचा लेप दिला. वजन मात्र उतरत चालले होते, आणि ते घरातील एकाही शहाण्याच्या लक्षात आले नाही. आषाढातील एका रात्री पोट फुगून ढोलासारखे झाले, हिरव्या उलट्या होऊ लागल्या, तेव्हा मोटार करून सोलापूर गाठले. पहाटे शस्त्रक्रिया झाली. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते तेथे ते आक्रसून करंगळी जाईल एवढेच उरले होते. तो भाग, वीतभराहून थोडा अधिक, कापून काढला आणि दोन्ही टोके जोडली. कापलेल्या तुकड्याची तपासणी झाली तेव्हा निदान आले ते क्षयाचे.

क्षय म्हटला की खोकला, रक्त आणि मिरजेचे आरोग्यधाम, एवढीच आमच्या पिढीची कल्पना. आतड्यासही क्षय होतो, आपल्या देशात तो दुर्मिळ नाही आणि त्याची सर्वांत आवडती जागा म्हणजे हाच दोन आतड्यांचा सांधा, हे मला साठीनंतर कळले. रोगी खोकतही नाही आणि छातीचे चित्र पुष्कळदा निर्मळ येते. म्हणून वर्षभर ‘पोट बिघडले’ या सदरात हा रोग बेमालूम खपून जातो.

संस्कृताचा व्यासंग असल्याने रुग्णालयाच्या बाकावर बसल्या बसल्या मला सुश्रुत आठवला, हा माझा दोषही असेल. चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात त्याने उदररोगांत बद्धगुद आणि परिस्रावी असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात आतडे अडते, दुसऱ्यात ते काट्याकुट्याने भेदले जाऊन पाझरते. दोहींवर त्याचा उपाय शस्त्राचा आहे. नाभीखाली, रोमराजीपासून डावीकडे चार अंगुळे सोडून पोट उघडावे, आतडे चार अंगुळे बाहेर घेऊन न्याहाळावे, अडकलेला खडा, केस वा मळाचा गोळा काढावा, मध व तूप लावून आतडे जागी ठेवावे आणि वरून शिवावे. भोक पडले असेल तर त्याच्या कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून चावून घ्याव्या आणि मुंग्यांची शरीरे काढून टाकावीत. डोकी तेवढी टाक्यांसारखी राहतात. हे सारे मी सर्जन महाशयांना मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ज्या गोष्टी मी त्यांना विचारावयास हव्या होत्या, त्या मात्र या पांडित्यात राहून गेल्या.

नवव्या दिवशी घरी जाण्याची परवानगी मिळाली. त्या वेळचे दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. डॉक्टर कागद हातात घेऊन उभे, त्यांच्यासमोर मी, माझ्यामागे चिरंजीव, त्यांच्यामागे ही, आणि सर्वांच्या मागे खाटेवर सूनबाई. डॉक्टरांनी आहार सांगितला, टाके केव्हा काढावयाचे ते सांगितले, तीन महिने जड उचलू नये असे सांगितले, क्षयाच्या गोळ्या सहा महिने एकही दिवस न चुकविता घ्याव्या असे दोनदा बजावले. मग म्हणाले, “आणखी काही विचारावयाचे आहे?” मी सर्वांच्या वतीने म्हणालो, “नाही, सर्व समजले.” कागदाची घडी केली आणि ट्रंकेत ठेवली. सूनबाईंना एक प्रश्न विचारावयाचा होता. तो सासऱ्यासमोर विचारता येण्यासारखा नव्हता. चिरंजीवांनाही तोच विचारावयाचा होता, आणि त्यांनाही तो बापासमोर विचारवला नाही. डॉक्टरांनीही, समोर पांढऱ्या केसांचा म्हातारा पाहून, तो विषय काढला नाही. मी ती खोली पाच मिनिटे सोडली असती तर पुढचे पुष्कळसे टळले असते.

प्रश्न असा होता की, पूर्वी चालू असलेली संततिनियमनाची गोळी आता पुन्हा सुरू करावी की नाही. मुलीच्या जन्मानंतर वर्षभराने आशाताईंकडून त्या ‘माला-एन’ घेऊ लागल्या होत्या. रुग्णालयात खंड पडला. घरी आल्यावर आपल्या समजुतीप्रमाणे त्यांनी ती पुन्हा सुरू केली आणि एकही दिवस चुकविली नाही. निष्काळजीपणाचा दोष येथे कोणालाही देता येत नाही, हे मी मुद्दाम लिहितो. कारण पुढे घरात तो पुष्कळ दिला गेला.

कोजागरीच्या सुमारास त्यांची अन्नावरची वासना उडाली. सकाळी मळमळ, दिवसभर ग्लानी. क्षयाच्या गोळ्यांनी मळमळ होतेच, असे सर्वांनी गृहीत धरले. मासिक धर्म चुकला होता. अशक्तपणात असे होते, म्हणून तेही सोडून दिले. शस्त्रक्रियेनंतर व दीर्घ आजारात पाळी लांबते हे खरे, पण पाळी लांबली म्हणजे गर्भ राहू शकत नाही असे मुळीच नव्हे. शेवटी थोरल्या सूनबाईंनी आशाताईंना बोलावले. त्यांच्या पिशवीत ‘निश्चय’ नावाची तपासणीची पट्टी असते. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. शस्त्रक्रियेस तीन महिनेही झाले नव्हते, आणि पोटावरचा व्रण अजून जांभळा होता.

त्या संध्याकाळी घरात जे झाले ते आठवून मला लाज वाटते. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “एवढाही दम धरवला नाही का?” चिरंजीव ताटावरून उठून गेले. शेजारच्या एक वृद्ध बाई येऊन, आता पोट वाढू लागले की टाके उसवणार आणि आतडे फुटणार, असे भाकीत करून गेल्या. दुसऱ्या एकीने देवीचा प्रसाद म्हणून ओटी भरण्याची भाषा केली. जिच्या पोटाची ही चर्चा चालली होती ती देवघराच्या दारात मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिला कोणी काहीच विचारीत नव्हते. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. या खेपेस दोन डॉक्टरांकडे, सर्जनकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे. आणि या खेपेस मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत जे बोलणे झाले ते नंतर सूनबाई व चिरंजीव यांनी मला सविस्तर सांगितले, त्यातील वाचकांच्या उपयोगाचे तेवढे देतो.

गोळी का फसली? क्षयावरील औषधांत रिफाम्पिसिन नावाचे एक प्रमुख औषध आहे. त्यानेच लघवी नारिंगी होते. १९५७ साली इटलीतील मिलान येथील एका औषधशाळेत, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणलेल्या मातीतील जंतूपासून या औषधकुळाचा शोध लागला. संशोधकांनी त्या वेळी गाजत असलेल्या ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटावरून त्याचे टोपणनाव ठेवले आणि तेच कायम झाले! शास्त्रज्ञ म्हणजे गंभीर माणसे, ही आमची समजूत अशा वेळी डळमळते. असो. हे औषध यकृताला अशी चालना देते की, शरीरात आलेली पुष्कळ द्रव्ये ते झपाट्याने मोडून टाकते. संततिनियमनाच्या गोळीतील द्रव्येही त्यातच येतात. गोळी रोज पोटात जाते, पण रक्तात तिचा जोर पुरेसा राहत नाही. जर्मनीतील डॉक्टरांच्या हे १९७१ सालीच लक्षात आले होते. क्षयाचे औषध व ही गोळी बरोबर घेणाऱ्या स्त्रियांना अवेळी रक्तस्राव होऊ लागला, आणि पुढे काहींना दिवस राहिल्याच्या नोंदी झाल्या. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांची जुनी गोष्ट. ती आमच्या ओसरीपर्यंत पोचली नव्हती, एवढेच.

रिफाम्पिसिन चालू असता, आणि ते संपल्यावरही सुमारे महिनाभर, या गोळीवर विसंबू नये. शिवाय जुलाब वा उलट्या चालू असल्या तर कोणतीही गोळी अंगी लागण्याचा भरवसा कमी. आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडून असताना अशा गोळीने रक्तात गुठळी होण्याचा धोकाही वाढतो, तो निराळाच. मग उपाय काय? तांबीवर या औषधाचा परिणाम होत नाही. गर्भाशयाचा क्षय नाही एवढी खात्री मात्र आधी करून घ्यावी लागते. तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शनही चालते. पुरुषाने वापरावयाचे साधन तर आहेच. आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सामान्यतः सहा महिने ते वर्षभर थांबा म्हणतात, आणि क्षयाचे उपचार पुरे होईपर्यंत तर थांबावेच असे सांगतात. परंतु ‘थांबा’ म्हणणे आणि कसे थांबावयाचे ते सांगणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

आता गर्भ राहिलाच होता. बाईंनी सूनबाईंना प्रथम विचारले ते हे की, तुम्हाला स्वतःला काय वाटते? त्यांनी दोन्ही वाटा उघड्या करून सांगितल्या. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने, आणि त्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने, विसाव्या आठवड्यापर्यंत एका पात्र डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. संततिनियमनाचे साधन फसले हे त्याचे मान्य कारण आहे. आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती तेवढी लागते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, मग सासऱ्याची कोठली! या शेवटच्या वाक्याने मी क्षणभर दचकलो, हे लपवीत नाही. चाळीस वर्षे शाळेत व घरात माझ्या सहीवाचून कागद हलला नव्हता. पण विचार करता वाटले की, पोट जिचे तिचीच सही हवी, यात धर्मविरुद्ध ते काय?

सूनबाईंनी दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत त्यांना कोणी काही बोलू नये, असा दंडक मी घरात घातला, आणि तो पाळला गेला. आमच्या घरात तो दंडक म्हणजे दिव्यच. तिसऱ्या दिवशी त्यांनी गर्भ ठेवण्याचा निर्णय सांगितला. त्यांनी उलट ठरविले असते तरी मी हे सदर लिहिले असते, आणि इतक्याच मोकळेपणाने लिहिले असते.

पुढचा धोका घरातूनच आला. क्षयाच्या गोळ्या ‘उष्ण’ असतात, गर्भाला बाधतील, असे कोणीसे हिच्या मनात भरविले. दोन दिवस ताटाशेजारी गोळ्यांऐवजी नुसते पाणीच ठेवले गेले. ही गोष्ट कळताच मी आयुष्यात प्रथमच हिच्यावर मोठ्याने ओरडलो. वाचकांनी कृपा करून हे नीट ध्यानात घ्यावे. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, एथाम्ब्युटॉल, पायराझिनामाइड ही नेहमीची चार औषधे गर्भारपणात देता येतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. सोबत बी-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन तेवढे वर्ज्य, कारण त्याने गर्भातील बालकाच्या कानास अपाय होतो. औषधांपेक्षा उपचाराविना राहिलेला क्षय आईला आणि बाळाला कितीतरी अधिक घातक. दिवस राहिले हे औषध बंद करण्याचे कारण नव्हे. डॉक्टरांना ताबडतोब कळविण्याचे कारण आहे.

टाके उसवण्याची भीतीही तशीच. हिला मी परकराची उपमा देऊन समजावले. नाडीची शिवण निराळी आणि घेराची निराळी. कापले ते आतडे, गर्भाशयास सुरीही लागलेली नाही. गर्भाशय हळूहळू, आठवड्या-आठवड्याने वाढते, आणि आतडी बाजूस सरून त्याला वाट देतात. पोटावरची जखम तीन महिन्यांत आपल्या मूळ बळाच्या सुमारे ८० टक्के सावरते; पूर्वीइतकी मात्र ती कधीच होत नाही. म्हणून व्रणाच्या जागी फुगा येतो का, म्हणजे हर्निया होतो का, याकडे लक्ष ठेवावे लागते, आणि घागरी उचलणे बंद. आतड्याची शस्त्रक्रिया झाली म्हणून बाळंतपणही पोट फाडूनच करावे लागते असे नाही.

आहाराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्यासारख्या शाकाहारी घरांना ते विशेष लागू आहे. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व भाजीपाल्यात व धान्यात नसते. आम्हांला ते मिळते ते दुधादह्यातून, आणि तेही बेताचेच. हे जीवनसत्त्व शरीरात शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात. आणि सूनबाईंचा कापला गेला तो नेमका तोच भाग! शरीरात साठा असतो, त्यामुळे उणीव एकदम दिसत नाही, कित्येकदा दोनचार वर्षांनी उघडकीस येते. पण आधीच काठावर असलेल्या घरात, त्यात गर्भाची मागणी, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. रक्त तपासता प्रमाण फारच कमी निघाले. गोळी पोटातून शोषली जाईलच असा भरवसा नाही म्हणून इंजेक्शने सुरू केली. याची हयगय झाली तर आईस पंडुरोग आणि हातापायांस मुंग्या, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम. ज्यांच्या घरी आतड्याचा हा शेवटचा भाग काढलेला कोणी असेल, मग तो पुरुष असो की स्त्री, त्यांनी ही एक तपासणी विसरू नये.

उपवास सर्व बंद केले. एकादशीस हिने थोडी कुरकुर केली तेव्हा मी मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढून दाखविला. तेथे नवविवाहिता, कुमारिका, रोगी आणि गर्भिणी यांना अतिथीच्याही आधी, मागचापुढचा विचार न करता वाढावे असे सांगितले आहे. सूनबाई रोगीही आणि गर्भिणीही, म्हणजे त्यांचा मान दुहेरी. मनूचे नाव काढून घरातील बायकांना गप्प करणारे पुष्कळ पाहिले. त्यांना जेवू घालण्यासाठी त्याचा उपयोग करणारा मी पहिलाच असेन.

संक्रांतीच्या आसपासची रात्र मात्र विसरता येत नाही. पाचवा महिना संपत आला होता. शेतावरून हुरडा आला होता आणि सूनबाईंनी तो आवडीने खाल्ला. मध्यरात्री कळा सुरू झाल्या आणि उलट्या. ही म्हणाली, “डोहाळे कडक आहेत हो, थोरलीच्या वेळी मलाही असेच.” मीसुद्धा क्षणभर त्या मताचा झालो. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते, म्हणून स्त्री दोन हृदयांची होते आणि तिला दौहृद लागतात, हे सुश्रुतवचन माझ्या जिभेवर आलेही होते. तेवढ्यात सूनबाईच म्हणाल्या, “मामंजी, हे डोहाळे नाहीत. कालपासून वारासुद्धा सरलेला नाही. आषाढात झाले तसेच आहे.” सासऱ्याशी वारा सरण्याची भाषा! सहा महिन्यांपूर्वी त्या जीव गेला तरी असे बोलल्या नसत्या. अर्ध्या तासात मोटार निघाली.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची वेटोळी आतल्या आत चिकटतात आणि त्यांत आतडे अडकू शकते. गर्भारपणातील आतड्याच्या अडथळ्याचे सर्वांत मोठे कारण हे चिकटणेच. याचे धोक्याचे काळ तीन सांगतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भाशय ओटीपोटातून वर चढते तो एक, नवव्या महिन्यात बाळाचे डोके खाली उतरते तो दुसरा, आणि बाळंतपणानंतर गर्भाशय एकाएकी आकसते तो तिसरा. गर्भाच्या उलट्या बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर ओसरतात. म्हणून पूर्वी पोट उघडलेल्या स्त्रीस पाचव्या महिन्यात नव्याने उलट्या सुरू झाल्या, सोबत थांबून थांबून येणारी कळ आहे, पोट फुगले आहे, वारा व शौच बंद आहे, तर त्याला डोहाळे म्हणून घरी बसू नये. उशीर झाला तर आई व बाळ दोघेही जाऊ शकतात. रुग्णालयात एक्स-रे काढावा लागला तर त्यासही अडू नये. पोटाच्या एका एक्स-रेचे किरण गर्भास अपाय होण्याच्या मर्यादेपेक्षा फारच कमी असतात.

नाकातून नळी घालून पोट रिकामे केले, शिरेतून सलाईन दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी परिचारिकेने बाहेर येऊन हसत सांगितले, “आजोबा, वारा सरला.” माझ्या आयुष्यात इतकी मंगल वार्ता मी दुसरी ऐकली नाही. दुसरी शस्त्रक्रिया टळली. हुरडा वा तसे चिवट, तंतुमय पदार्थ नीट चावून, थोडे थोडे खावे, आणि पोट दुखण्याची सवय असली तर सोडूनच द्यावे, अशी ताकीद मिळाली.

याच रुग्णालयात एक तरुण मुलगी भेटली. तिचे मोठे आतडे रोगामुळे संपूर्ण काढले होते आणि पोटावर पिशवी होती. तिच्या आईने सूनबाईंना हळूच विचारले, “अशा मुलीला मूल होते का हो?” बाईंनी सांगितले की, होते. पोटावर आतड्याचे तोंड आणून ठेवण्याची आज रूढ असलेली सुबक रीत बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक या सर्जनने १९५२ साली प्रसिद्ध केली. १९५४ साली डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सन या परिचारिकेने आपल्या बहिणीचे हाल पाहून चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. तेव्हापासून अशी पिशवी बाळगणाऱ्या पुष्कळ स्त्रिया सुखरूप बाळंत झाल्या आहेत. पोट वाढते तसा त्या तोंडाचा आकार बदलतो, पिशवीचे माप बदलावे लागते, एवढेच. आतून नवी थैली शिवण्याची जी शस्त्रक्रिया असते तीनंतर गर्भ राहणे काहींना कठीण जाते, म्हणून लग्न व्हावयाच्या मुलींनी हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावा. त्या मायलेकी किती वेळ बोलत बसल्या होत्या!

आमच्या जिल्ह्यात बाळंतपणाची सोय आता पूर्वीसारखी दुर्मिळ राहिलेली नाही. धाराशिवास जिल्हा स्त्री रुग्णालय आहे; १९९३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या लोहारा तालुक्यात सास्तूरला स्पर्श रुग्णालय उभे राहिले आहे; आणि २०१६ पासून दरमहा ९ तारखेस सरकारी रुग्णालयांतून गर्भवतींची मोफत तपासणी होते. सूनबाईंच्या बहुतेक तपासण्या त्या ९ तारखांनाच झाल्या. परंतु प्रत्यक्ष बाळंतपणासाठी अशा स्त्रीने सर्जन, प्रसूतितज्ज्ञ आणि रक्तपेढी एकाच आवारात आहेत असे ठिकाण आधीच ठरवून ठेवावे. आम्ही सोलापूर ठरविले. शस्त्रक्रियेचा जुना कागद, काय कापले व किती कापले हे लिहिलेला, ट्रंकेतून काढून सूनबाईंच्या पिशवीत दिला. तो त्यांचाच होता.

वैशाखात मुलगी झाली, नैसर्गिक रीतीने, अडीच किलोंहून थोडी जास्त. क्षयाचे उपचार तोवर पुरे झाले होते. अंगावर पाजण्यास डॉक्टरांनी मुळीच हरकत घेतली नाही. उपचार चालू असते तरी घेतली नसती, असे म्हणाले. ‘पुन्हा मुलगीच’ असे जे दोघे-तिघे म्हणाले त्यांना हिनेच परस्पर उत्तर दिले. ते छापण्याजोगे नाही.

घरी निघण्यापूर्वी बाई कागद घेऊन आल्या. मी उठून बाहेर गेलो. पाच-सात मिनिटांनी चिरंजीव बाहेर आले आणि तांबी बाळंतपणाबरोबरच बसवून घेतली आहे, असे सहजपणे म्हणाले; मी “बरे झाले” म्हटले. बी-१२ चे इंजेक्शन मात्र दर महिन्यास चालू राहावयाचे आहे, ते बहुधा जन्मभर. या महिन्याची तारीख उद्याची आहे, आणि औषधाच्या दुकानात जाण्याचे काम माझ्याकडे आहे.